रूळ, रोखे आणि बाल्टिमोर

संगणकावरील खेळांच्या इतिहासात 1990 हे वर्ष ज्या थोड्या कृतींमुळे महत्त्वाचे ठरते, त्यांत 'रेलरोड टायकून' या खेळाची गणना करावी लागते. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर शहराच्या उत्तरेस असलेल्या हंट व्हॅली येथील मायक्रोप्रोझ या कंपनीने तो तयार केला. सिड मायर हा त्याचा मुख्य रचनाकार आणि ब्रूस शेली हा त्याचा सहकारी होता. खेळाडूने एका लोहमार्ग कंपनीची सूत्रे हाती घ्यावीत, भांडवल उभारावे, रूळ टाकून गाड्या सोडाव्यात आणि शंभर वर्षांपर्यंतच्या काळात खाणी, कारखाने व शहरे यांना जोडणारे एक औद्योगिक साम्राज्य उभे करावे, असा त्याचा विषय आहे. या खेळाविषयी जे लिहिले जाते त्यात त्याच्या रचनेची आणि त्याने रूढ केलेल्या परंपरेची वाखाणणी पुष्कळ असते. परंतु त्याच्या पाठीशी असलेल्या दीड शतकाच्या लोहमार्गांच्या इतिहासाशी, आणि त्यातही बाल्टिमोर या शहराशी, त्याचे असलेले नाते सहसा तपासले जात नाही. ते तपासू लागले म्हणजे ध्यानात येते की रुळांइतकाच, किंबहुना रुळांहूनही अधिक, हा खेळ कर्जाविषयी आहे, आणि त्याच्या ऐतिहासिक सच्चेपणाचे मूळही तेथेच आहे.

बाल्टिमोर हे अमेरिकेतील सार्वजनिक लोहमार्गांचे जन्मस्थान मानले जाते. 1825 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ईरी कालवा खुला झाला आणि पश्चिमेकडील धान्याचा व मालाचा ओघ न्यूयॉर्क बंदराकडे वळू लागला, तेव्हा बाल्टिमोरच्या व्यापाऱ्यांना आपल्या बंदराचा व्यापार हातचा जाण्याची धास्ती वाटू लागली. त्यांच्या शहरामागे अ‍ॅलेघेनी पर्वताच्या रांगा असल्यामुळे कालवा खणणे अवघड होते, म्हणून त्यांनी त्या काळी इंग्लंडमध्ये नुकत्याच रुजू लागलेल्या लोहमार्गाचा मार्ग पत्करला. 1827 मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेलरोड या कंपनीला राज्याची सनद मिळाली, आणि 4 जुलै 1828 रोजी अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी त्या वेळी हयात असलेले एकमेव गृहस्थ चार्ल्स कॅरोल यांच्या हस्ते तिचा पहिला दगड बसवण्यात आला. 1830 मध्ये एलिकॉट्स मिल्सपर्यंतचा सुमारे 21 किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला तो घोड्यांनी ओढलेल्या गाड्यांनी. वाफेची इंजिने त्यानंतर आली. ओहायो नदीकाठच्या व्हीलिंग गावापर्यंत रूळ पोचण्यास 1852 सालाची अखेर उजाडली, म्हणजे पायाभरणीपासून 24 वर्षे गेली. या काळात कंपनीचे भाग खुद्द बाल्टिमोर शहराने आणि मेरीलँड राज्याने विकत घेतले होते, तरीही पैशाची चणचण कधी संपली नाही, कारण डोंगरात टाकलेला रूळ पलीकडच्या बाजारपेठेला जाऊन मिळेपर्यंत त्यावर खर्च पूर्ण आणि उत्पन्न मात्र तुटपुंजे, अशी स्थिती राहते. लोहमार्गाच्या धंद्याचा हा मूळ पेच बाल्टिमोरने सर्वांत आधी अनुभवला.

त्याच शहरात पुढे खेळ तयार करण्याचा एक वेगळाच धंदा वाढला. चार्ल्स रॉबर्ट्स यांनी 1950 च्या दशकात अ‍ॅव्हलॉन हिल ही कंपनी काढली, आणि घरच्या टेबलावर पट मांडून खेळायच्या युद्धखेळांना प्रौढांच्या करमणुकीत स्थान मिळवून दिले. रॉबर्ट्स यांना लोहमार्गांचा ध्यास होता. कंपनीच्या आरंभीच्या खेळांतच 1958 मध्ये 'डिस्पॅचर' हा गाड्यांच्या नियंत्रणाचा खेळ त्यांनी प्रसिद्ध केला, आणि खेळांचा व्यवसाय सोडल्यावर बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीच्या मार्गांचा इतिहास सांगणारी भरघोस पुस्तके लिहिली. याच अ‍ॅव्हलॉन हिलमध्ये 1980 च्या दशकात ब्रूस शेली काम करीत होता, आणि तेथे त्याच्या हाती आलेल्या एका इंग्लिश खेळाने पुढचा सगळा प्रवाह वळवला.

तो खेळ फ्रान्सिस ट्रेशम या इंग्लिश रचनाकाराचा. ट्रेशमने 1974 मध्ये '1829' या नावाचा पटावरचा खेळ प्रसिद्ध केला होता, ज्यात खेळाडू इंग्लंडमधील लोहमार्ग कंपन्यांचे भाग घेतात आणि नकाशावर षट्कोनी तुकडे ठेवून मार्ग बांधतात. त्याचीच अमेरिकी आवृत्ती म्हणून 1986 मध्ये अ‍ॅव्हलॉन हिलने '1830' हा खेळ काढला आणि त्याला अंतिम रूप देण्याचे काम शेलीकडे होते. या खेळाची घडण थोडी बारकाईने पाहण्याजोगी आहे. प्रत्येक कंपनीच्या भांडवलाचे दहा हिस्से असतात आणि त्यांपैकी दोन हिश्शांचे एकत्र प्रमाणपत्र अध्यक्षाचे असते. साठ टक्के भाग विकले गेले की कंपनीला रोकड मिळते आणि ती रूळ टाकू लागते. मिळकत भागधारकांना लाभांश म्हणून वाटली, तर बाजारभावाच्या तक्त्यावर त्या कंपनीची सोंगटी उजवीकडे सरकते, मिळकत कंपनीतच राखली तर डावीकडे, आणि कोणी भाग विकायला काढले तर खाली घसरते. नव्या ताकदीच्या गाड्या बाजारात आल्या की जुन्या गाड्या मोडीत निघतात, आणि ज्या कंपनीकडे गाडी उरत नाही तिच्या अध्यक्षाला कंपनीची रोकड अपुरी पडल्यास स्वतःच्या खिशातून नवी गाडी घ्यावी लागते. साहजिकच चतुर खेळाडू कंपनीची तिजोरी रिकामी करतो, आपले भाग वेळीच विकतो आणि सर्वांत अधिक भाग ज्याच्याकडे उरले त्याच्या गळ्यात अध्यक्षपद आणि मोडकळीस आलेल्या गाड्या घालतो. नियमांची ही योजना कल्पनेतून काढलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी लोहमार्गांच्या कारभारातून ती नेमकेपणाने वेचलेली होती.

त्या कारभाराचा सर्वांत कुप्रसिद्ध दाखला म्हणजे 1868 चा ईरी कंपनीवरचा झगडा. न्यूयॉर्कच्या कॉर्नेलियस व्हँडरबिल्टने ईरी रेल्वे आपल्या ताब्यात आणण्यासाठी तिचे भाग खरेदी करण्यास सुरुवात केली, तेव्हा कंपनीचे संचालक डॅनियल ड्र्यू, जे गूल्ड आणि जेम्स फिस्क यांनी भागांत बदलता येण्याजोगे रोखे काढले, ते भागांत बदलले आणि व्हँडरबिल्टला हवे तेवढे भाग छापून पुरवले. जितके घ्यावेत तितके नवे येत राहिल्यामुळे व्हँडरबिल्टचे लक्षावधी डॉलर बुडाले. अटक टाळण्यासाठी संचालक हडसन नदीपलीकडे न्यूजर्सी राज्यात जाऊन बसले, आणि अखेर न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळात पैसा ओतून हे भाग कायदेशीर करून घेतले गेले. कंपनीची मालमत्ता न वाढवता भागांची संख्या फुगवण्याच्या या प्रकाराला त्या काळी पाणी घातलेले भांडवल म्हणत. या सगळ्या उलाढालीत एक मैलही रूळ वाढला नाही, ही गोष्ट लोहमार्गांच्या इतिहासकाराने दृष्टीआड करता कामा नये.

1982 मध्ये मायर आणि बिल स्टीली यांनी मायक्रोप्रोझची स्थापना केली, आणि स्टीली हे हवाई दलात वैमानिक असल्यामुळे कंपनीची कीर्ती प्रारंभी लढाऊ विमाने व पाणबुड्या यांच्या आभासी प्रशिक्षणासारख्या खेळांवर उभी राहिली. मायरचा कल मात्र हळूहळू पालटत गेला. 1987 च्या 'पायरेट्स!' या खेळात त्याने व्यापार, प्रवास आणि लढाई यांचा एकत्र मेळ घातला होता. 1989 मध्ये विल राइटचा 'सिमसिटी' आला आणि शत्रूचा नाश न करता केवळ काही उभारीत जाण्यातही खेळाची खोली असू शकते हे दिसून आले, ज्याचे ऋण मायरने मानले आहे. शेली या सुमारास मायक्रोप्रोझमध्ये आलेला होता. घरातल्या खेळण्यातील आगगाड्यांप्रमाणे पडद्यावर रूळ मांडून गाड्या चालवण्याचा मायरचा नाद आणि '1830' वर काम करून शेलीने कमावलेली भागबाजाराची जाण यांचा संयोग झाला, आणि त्यातून 'रेलरोड टायकून' घडला. संगणकावर लोहमार्गांच्या आर्थिक बाजूचा खेळ त्याआधीही येऊन गेला होता, उदाहरणार्थ 1984 चा 'रेल्स वेस्ट!', परंतु त्यात हिशेबाचे तक्ते ठळक होते आणि धावणारी गाडी फारशी दिसत नव्हती.

नव्या खेळाचा आरंभच बोलका आहे. खेळाडूला दहा लाख डॉलरचे भांडवल मिळते, पण त्यातले निम्मेच भागधारकांचे असते आणि उरलेले पाच लाख हे रोख्यांच्या रूपाने घेतलेले कर्ज असते. रोखा म्हणजे ठरलेल्या दराने व्याज देण्याच्या वचनावर घेतलेले कर्ज. भागधारकाला नफा झाला तर लाभांश, नाही तर काही नाही, परंतु रोखेधारकाचे व्याज गाडी भरलेली धावो वा रिकामी, चुकवावेच लागते. म्हणजे पहिला रूळ पडण्यापूर्वीच घड्याळ चालू झालेले असते आणि व्याज चढू लागलेले असते. अमेरिकेच्या पूर्वभागाचा नकाशा निवडला असता हा काळ 1830 मध्ये सुरू होतो आणि खेळाडूच्या हाती 'ग्रासहॉपर' नावाचे इंजिन येते, ज्याच्या उभ्या दांड्यांची हालचाल नाकतोड्याच्या पायांची आठवण करून देई. बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीने 1830 च्या दशकात वापरलेली इंजिने हीच होत. एवढ्या दुबळ्या इंजिनाला चढ झेपत नाही, म्हणून खेळाडू डोंगर टाळून नदीकाठाने वळणावळणाचा मार्ग काढतो, नदी ओलांडण्यासाठी लाकडी पूल बांधतो कारण दगडी पुलाचा खर्च परवडत नाही, आणि काही वर्षांनी पुरात तो पूल वाहून गेला की गाडी अडते, उत्पन्न थांबते, व्याज मात्र थांबत नाही.

मालाची साखळीही त्या काळच्या उद्योगाचे रूप दाखवते. खाणीतला कोळसा पोलाद कारखान्यात नेला की तेथून पोलाद मिळते, ते दुसऱ्या कारखान्यात पोचवले की तयार माल मिळतो आणि तो शहरात विकला जातो. अशा रीतीने एकाच मार्गावर तीनदा भाडे मिळवता येते, आणि परतीचा डबा रिकामा येऊ न देणे हे कारभाऱ्याचे खरे कसब ठरते. टपाल व उतारू यांचे भाडे वेळेवर अवलंबून असते, कोळशाला घाई नसते. त्यामुळे कोणत्या गाडीला कोणते इंजिन जोडावे हा निर्णय प्रत्येक वेळी नव्याने करावा लागतो. दर दोन वर्षांनी ताळेबंद मांडला जातो. देशाची आर्थिक हवा तेजी, भरभराट, सर्वसाधारण स्थिती, मंदी आणि घबराट अशा अवस्थांतून फिरत राहते, आणि त्यानुसार नव्या रोख्यांचा व्याजदर चढतो वा उतरतो. व्हँडरबिल्ट, गूल्ड, मॉर्गन अशा नावांचे प्रतिस्पर्धी संगणक चालवतो. ते खेळाडूच्या कंपनीचे भाग गुपचूप गोळा करतात, आणि निम्म्याहून अधिक भाग ज्याच्या हाती गेले त्याच्याकडे कंपनी जाते. म्हणूनच हाती आलेला पैसा नव्या मार्गावर घालावा, कर्ज फेडावे, की आपलेच भाग परत विकत घेऊन कंपनी सांभाळावी, हा प्रश्न खेळाडूला सतत सतावतो, आणि खेळाची सारी गोडी त्या प्रश्नातच सामावलेली आहे.

हे सारे कितपत खरे होते, याचे उत्तर अमेरिकेच्या आर्थिक संकटांच्या इतिहासात मिळते. 18 सप्टेंबर 1873 रोजी जे कुक अँड कंपनी ही मोठी पेढी बुडाली, कारण नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचे रोखे तिने घेतले होते आणि ते पुढे विकले जात नव्हते. त्यातून जी घबराट उसळली ती कित्येक वर्षांच्या मंदीत परिणत झाली. 1893 च्या संकटानंतर तर अमेरिकेतील एकूण लोहमार्गांपैकी सुमारे एक चतुर्थांश मार्ग रिसीव्हरच्या हाती गेला, म्हणजे देणी भागवता न आल्यामुळे न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात आला. या कंपन्यांच्या गाड्या धावत होत्या, मालही मिळत होता. त्या बुडाल्या त्या प्रामुख्याने व्याजाच्या ठरीव बोजामुळे. जे. पी. मॉर्गनने अशा अनेक कंपन्यांची पुनर्रचना केली, आणि तिचे सूत्र असे की जुन्या रोख्यांच्या बदल्यात कमी व्याजाचे रोखे आणि अग्रहक्काचे भाग द्यावेत, म्हणजे वाईट वर्षी देणे आपोआप हलके होते. बाल्टिमोर अँड ओहायो ही देशातील जुनी, मानाची कंपनीही यातून सुटली नाही. 1896 मध्ये ती रिसीव्हरच्या ताब्यात गेली. 'रेलरोड टायकून' मध्ये दिवाळखोरी जाहीर करता येते आणि त्यामुळे कर्जाचा काही भाग सुटतो, पण पुढच्या रोख्यांना व्याज अधिक द्यावे लागते. मॉर्गनच्या पुनर्रचनेची ही ढोबळ, तरीही योग्य दिशेची प्रतिकृती म्हणता येईल.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे एक भेद जाणवल्यावाचून राहत नाही. मुंबईहून ठाण्याला 1853 मध्ये गाडी सोडणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1849 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी जो करार केला होता, त्यात भांडवलावर पाच टक्के उत्पन्नाची हमी होती आणि जमीनही सरकारने दिली होती. उत्पन्न कमी पडले तर तूट सरकारी तिजोरीने, म्हणजे येथल्या करदात्याने, भरून काढायची. त्या व्यवस्थेत लंडनच्या भागधारकाला ना व्याजाचा धाक होता ना दिवाळखोरीचा. घाटातल्या रुळांचे भांडवल अशा हमीवर उभे राहिले, आणि 'रेलरोड टायकून' चे नियम त्या इतिहासाला लागू पडत नाहीत. ते मुळात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे नियम आहेत आणि युरोप वा इंग्लंडच्या नकाशावरही ते तसेच वापरलेले आहेत.

या खेळात जे गाळले गेले त्याची दखलही तेवढ्याच गांभीर्याने घ्यावयास हवी. अमेरिकेच्या संसदेने 1862 च्या पॅसिफिक रेल्वे कायद्यान्वये युनियन पॅसिफिक व सेंट्रल पॅसिफिक या कंपन्यांना मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या विस्तीर्ण जमिनी आणि सरकारी रोखे दिले होते. खेळात जमीन ही केवळ रूळ टाकताना भरायची किंमत आहे, ती मिळकतीचे साधन कधीच होत नाही, त्यामुळे पश्चिमेच्या मार्गांचे अर्थकारण अपुरे राहते. त्या जमिनींवर पूर्वी राहणाऱ्या मूळ रहिवाशांचा मागमूसही नकाशावर नाही. सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटात बोगदे कोरणारे हजारो चिनी मजूर नाहीत. मजूर या नावाचा घटकच नाही. रूळ माऊसच्या टिचकीने वा कळ दाबून पडतो आणि खर्चाच्या खात्यात एक रक्कम चढते.

या अनुपस्थितीचे वजन बाल्टिमोरच्या संदर्भात विशेष जाणवते. 1877 च्या जुलैमध्ये बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीने, अध्यक्ष जॉन गॅरेट यांच्या काळात, कामगारांच्या वेतनात दहा टक्के कपात केली, आणि वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथे कामगारांनी इंजिने अडवून गाड्या बंद पाडल्या. संप रुळांच्या वाटेनेच पसरत गेला. 20 जुलैला बाल्टिमोरमध्ये राज्याची फौज कॅम्डेन स्थानकाकडे निघाली असता रस्त्यात जमलेल्या जमावावर तिने गोळीबार केला आणि किमान दहा माणसे मृत्युमुखी पडली. राष्ट्राध्यक्ष हेझ यांना केंद्रीय सैन्य पाठवावे लागले. वेतनकपातीचे कारण उघड होते: 1873 नंतरच्या मंदीत वाहतूक घटली, प्रतिस्पर्धी कंपन्यांशी चढाओढीत भाडेदर कोसळले, आणि भागधारकांना व रोखेधारकांना द्यायच्या रकमेला हात न लावता जो खर्च कमी करता येईल तो मजुरीचाच होता. ज्या व्याजाच्या बोजाला मायर आणि शेली यांनी खेळाच्या केंद्रस्थानी आणले, त्याच बोजाचा भार प्रत्यक्षात कोणी वाहिला, हे दाखवणारा घटक खेळात असता तर खेळाडूपुढचा पेच आणखी तीव्र झाला असता आणि खेळ म्हणूनही तो अधिक समृद्ध ठरला असता. 1990 च्या संगणकाची मर्यादित स्मरणशक्ती हे त्याचे एक कारण असेल. पण '1830' मध्येही मजूर नव्हते, म्हणजे ही दृष्टी वारशाने आलेली होती, आणि ती मुळात भागबाजाराच्या सज्जातून पाहणाऱ्याची दृष्टी होती.

पुढच्या काळात ही परंपरा दोन वाटांनी गेली. मायर आणि शेली यांनी लगेच 1991 मध्ये 'सिव्हिलायझेशन' हा संस्कृतींच्या उभारणीचा खेळ केला, ज्याच्या नावाचा पटावरचा खेळ ट्रेशमने 1980 मध्येच प्रसिद्ध केला होता, आणि शेली नंतर 'एज ऑफ एम्पायर्स' च्या निर्मितीत गेला. स्कॉटलंडच्या ख्रिस सॉयरने 1994 मध्ये 'ट्रान्सपोर्ट टायकून' हा खेळ केला आणि तोही मायक्रोप्रोझनेच प्रसिद्ध केला; त्यात आगगाड्यांच्या जोडीला बस, जहाजे आणि विमाने आली, सिग्नलची आखणी फार सूक्ष्म झाली, पण कर्ज मात्र बँकेचे एक साधे खाते होऊन राहिले, जे खेळाडू थोड्याच वर्षांत फेडून विसरून जातो. त्याची मुक्त आवृत्ती 'ओपनटीटीडी' 2004 पासून स्वयंसेवकांच्या श्रमांवर वाढत आली आहे आणि तिच्यात गुंतागुंतीची जंक्शने बांधण्याची कला विलक्षण उंचीला पोचली, तरी घबराटीच्या वर्षी रोखे न विकले गेल्याने कासावीस होण्याचा अनुभव तेथे मिळत नाही. तो अनुभव टिकवला तो पॉपटॉप या छोट्या कंपनीने. फिल स्टाइनमायर यांच्या नेतृत्वाखाली 1998 मध्ये तिने 'रेलरोड टायकून 2' काढला, आणि त्यात अध्यक्षाची स्वतःची संपत्ती व कंपनीची संपत्ती ही दोन खाती या मालिकेत प्रथमच वेगळी केली. खेळाडूला आता उधारीवर भाग घेता येतात, आपली कंपनी सोडून दुसरी स्थापता येते, एकीला लाभांशात पिळून दुसरीवर ताबा मिळवता येतो. ड्र्यू आणि गूल्ड यांना जो फरक 1868 मध्ये पुरता ठाऊक होता, अध्यक्षाचे हित आणि लोहमार्गाचे हित एक असतेच असे नाही हा, तो ट्रेशमच्या पटावरून 'रेलरोड टायकून' च्या मालिकेत यायला आठ वर्षे अधिक लागली.